तंत्रशंका : लिनक्स काट्याला ओळखत नाही

प्रश्न : लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. वजनकाट्याला यूएसबी आहे. विंडोजवर वजन थेट बिलात यायचं. डेबियन टाकल्यापासून ते बंद झालं. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ आज्ञेत ०४०३:७सी२१ दिसतं, पण ‘टीटीवाययूएसबी०’ हा पोर्ट तयार होत नाही. काटेवाले म्हणतात, लिनक्सचा ड्रायव्हर नाही. कुणाकडून लिहून घ्यावा का?

उत्तर : त्या भानगडीत पडू नका. ०४०३ हा एफटीडीआय कंपनीचा क्रमांक. म्हणजे आत बहुधा त्यांचीच यूएसबी-सीरियल चिप आहे आणि तिचा ‘एफटीडीआय_एसआयओ’ ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून आहे. एफटी२३२आर चिपचा मूळ क्रमांक ६००१. काटेवाल्यांनी तो बदलून आपला ७सी२१ घातलेला दिसतो. ड्रायव्हरच्या यादीत हा नवा क्रमांक नाही, म्हणून ड्रायव्हर काट्याला हात लावत नाही.

रूट होऊन आधी ‘मॉडप्रोब एफटीडीआय_एसआयओ’ चालवा. मग ‘इको ०४०३ ७सी२१’चं आउटपुट पाइप लावून ‘टी’ आज्ञेकडे द्या आणि ‘टी’ला फाइल सांगा : /सिस/बस/यूएसबी-सीरियल/ड्रायव्हर्स/एफटीडीआय_एसआयओ/न्यू_आयडी. ‘सुडो इको’ लिहून पुढे बाणाचं चिन्ह (>) दिलंत तर परवानगी नाकारली जाईल, कारण फाइल उघडण्याचं काम तुमचा साधा शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) करतो, सुडो नाही. काटा जोडलेलाच असू द्या. पोर्ट लगेच तयार होतो, ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, दिसेल. वापरणाऱ्याला पोर्टची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करायला लावा.

इंटरनेटवर ‘यूएसबीसीरियल’ला व्हेंडर-प्रॉडक्ट देऊन मोकळं व्हायचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. तो जेनेरिक ड्रायव्हर फक्त चाचणीपुरता आहे, कर्नल स्वतःच तसा इशारा छापतो. तो बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) ठरवत नाही, त्यामुळे पोर्ट दिसतो पण वजन धड येत नाही.

बॉड रेट बरोबर असूनही ०, ३, ५, ६, ९ नीट दिसत असतील आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा येत असेल, तर काटा ७ बिट, इव्हन पॅरिटीने बोलतोय आणि तुम्ही ८ बिटने ऐकताय. पॅरिटीचा, म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेला, बिट आठवा बिट म्हणून वाचला जातो आणि हे पाच अंक बिघडतात. पोर्टची मांडणी ठरवणाऱ्या ‘एसटीटीवाय’ आज्ञेला ‘सीएस७ पॅरेनबी -पॅरॉड’ द्या.

संगणक बंद केला की न्यू_आयडीतली नोंद जाते. उपकरण जोडलं की काय करायचं ते युडेव्ह ठरवतो, म्हणून /ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी मध्ये नियम लिहा : हे दोन क्रमांक जुळले की ‘रन’ने वरच्या दोन्ही आज्ञा चालवायच्या. ‘सिमलिंक’ने पोर्टला ‘काटा’ असं कायमचं नाव देणारा नियम वेगळा ठेवा, त्यात सबसिस्टम ‘टीटीवाय’ घाला. दुसरं यूएसबी-सीरियल उपकरण आधी लागलं तर पोर्टचा आकडा बदलतो आणि बिलिंग बसतं.

खरं काम मात्र यापुढचं. ड्रायव्हरच्या आयडी फाइलमध्ये एक ओळ आणि तक्त्यात एक ओळ, एवढाच पॅच (कोडमधला बदल) लागतो. पॅच तपासणारी कर्नलची ‘चेकपॅच’ स्क्रिप्ट चालवा, ‘गेट_मेंटेनर’ ही दुसरी स्क्रिप्ट सांगेल त्या पत्त्यांवर साध्या मजकुराचा ईमेल पाठवा, खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’मध्ये खरं नाव घाला. नुसत्या नव्या आयडीचे पॅच स्थिर कर्नलमध्येही घेतले जातात. मग तोच काटा वापरणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराला यातलं काहीच करावं लागत नाही.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं सीएच३४० (यूएसबी-सीरियल चिपचं) कार्ड उबुंटू २२.०४ वर क्षणभर दिसतं आणि गायब होतं. कार्ड बनावट आहे का? (मुलुंड)

उत्तर : कार्ड बदलायला धावू नका. ‘डीमेसेज’मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव शोधा. ही ब्रेल उपकरणांसाठीची सेवा. तिच्या यादीतही कार्डाचा १ए८६:७५२३ हाच क्रमांक असल्याने ती कार्ड बळकावते. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढा, कार्ड काढून परत लावा. नावच सापडलं नाही तर केबल बदलून पाहा.