बोअर गेजनं मोजता न येणारी झीज

प्रश्न : उद्यमनगरात माझं इंजिन रीबोअरिंगचं वर्कशॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला. ट्रकचे हायड्रोजन फ्यूल सेल जास्त टिकावेत यावर काम करणार म्हणते. इंजिनाच्या कामात पोरींचं काय? कॉम्प्युटरच घ्यायचं, हे मी ठरवलंय. कॉलेज सुचवा.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दादा, ठरवलंयच तर मला कशाला विचारता? तुमच्या पत्राच्या तळाशी पेन्सिलनं, वेगळ्या अक्षरात, अर्धवट खोडलेली एक ओळ आहे : ‘सेल लवकर का संपतो ते शोधायचंय.’ तुमच्या नजरेतून सुटली असावी. पोरीनं आपला प्रश्न बापाच्या पत्रात चोरून लिहावा आणि परत खोडावा, याची मला तिच्या मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटते. घरात तिला बोलू देता का हो?

आणि मुळात हे इंजिन नव्हेच. फ्यूल सेलमध्ये पिस्टन नाही, लायनर नाही, जळत काहीच नाही. हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून थेट वीज होते. तुमच्याकडे ब्लॉक आला की बोअर गेज लावून झीज कळते. इथली झीज रासायनिक. ही क्रिया घडवणारे, कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमचे कण काही नॅनोमीटरचे. गाडी घाट चढताना व्होल्टेज उतरतं, लोड कमी झाला की चढतं. या चढउतारात प्लॅटिनम विरघळतं आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतं. मग काम करणारा पृष्ठभाग घटतो. मधला पातळ पडदाही आतल्या रसायनांनी कुरतडला जातो, म्हणून त्यात सेरियम हा धातू घालतात. कारला ८,००० तास पुरतात, पण ट्रकसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं २०३० साठी ठेवलेलं लक्ष्य २५,००० तासांचं आहे. तिचा प्रश्न पोरखेळ नाही.

तेव्हा ना मेकॅनिकल, ना कॉम्प्युटर. हा विषय इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा, म्हणजे विजेच्या रसायनशास्त्राचा. सीईटी देऊन केमिकल किंवा मेटलर्जी घेता येईल, नाहीतर सरळ बीएस्सी केमिस्ट्री, मग जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा. शिवाजी विद्यापीठातही एमएस्सी आहे. पुण्याच्या एनसीएलनं, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, तर २०२२ मध्ये केपीआयटी कंपनीबरोबर फ्यूल सेलची बस दाखवली. ‘बीएस्सी म्हणजे वाया गेलं’ असं पाहुणे म्हणतील. म्हणू देत. मात्र पीएचडीपर्यंत वाट लांब आहे आणि फ्यूल सेलच्या नोकऱ्या आपल्याकडे आज थोड्याच. तेच शिक्षण बॅटरीतही चालतं, एवढा आधार आहे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पेननं.