उच्चशक्ती लेसरसाठी पहिले भिंग निवडताना

1064 नॅनोमीटरच्या स्पंदित लेसरसाठी भिंग घेणार असाल, तर केवळ स्वस्त म्हणून बीके-7 काचेकडे वळू नका. फ्यूज्ड सिलिका (अतिशुद्ध सिलिकाची काच) घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. दर अंशाला बीके-7 दशलक्षात सुमारे 7 भाग प्रसरण पावते, तर फ्यूज्ड सिलिका जेमतेम अर्धा भाग, त्यामुळे एकाच जागी तापूनही तिला सहसा तडा जात नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या 10.6 मायक्रोमीटरला मात्र ती अपारदर्शक असते. तिथे झिंक सेलेनाइडच हवे.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील हानीचा उंबरठा (ज्या ऊर्जाघनतेला भिंग बिघडू लागते ती मर्यादा) वाचताना तो कोणत्या स्पंदकालासाठी दिला आहे, हे आधी पाहा. 10 नॅनोसेकंदांसाठी दर चौरस सेंटिमीटरला 10 जूल असे लिहिले असेल आणि तुमचा स्पंद 1 नॅनोसेकंदाचा असेल, तर वर्गमुळाच्या ठोकताळ्याने (उंबरठा स्पंदकालाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो) तुमच्या हाती सुमारे 3 जूलच उरतात. शिवाय गाउसियन किरणाच्या, म्हणजे कडेकडे मंद होत जाणाऱ्या किरणाच्या, मध्यभागी ऊर्जाघनता सरासरीच्या दुप्पट असते, आणि नवशिके नेमके हेच विसरतात.

भिंग बहुधा पृष्ठभागापासून बिघडते: पॉलिशखालच्या सूक्ष्म भेगा, लेपातील दोष किंवा चिकटलेला धुळीचा कण. म्हणून आधी कोरड्या नायट्रोजनने धूळ उडवावी, मग शुद्ध ॲसिटोनने भिजवलेला लेन्स टिश्यू दाब न देता एकाच दिशेने ओढून टाकून द्यावा. त्यानंतर तिरप्या प्रकाशात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला, तर ते भिंग लगेच बदला, कारण प्रत्येक स्पंदागणिक तो वाढू शकतो.