नायोबियम नायट्राइडची पातळ फिल्म ७ केल्व्हिनलाच का अडकते?

तुमचा प्रश्न असा: सिंगल-फोटॉन डिटेक्टरसाठी (प्रकाशाचा एकेक कण टिपणारं उपकरण) स्पटरिंगने, म्हणजे नायोबियमच्या तुकड्यावर आयन आदळवून उडालेल्या अणूंचा थर बसवून, ५ नॅनोमीटरची फिल्म बनवली, पण ती जेमतेम ७ केल्व्हिनला सुपरकंडक्टिंग होते, म्हणजे तिचा विद्युतरोध शून्य होतो. जाड नमुन्यासाठी या तापमानाचा आकडा १६ केल्व्हिनच्या आसपास असतो, त्यामुळे निराशा समजते. पण इतक्या पातळ थरात तो उतरणारच. तरी ७ कमी वाटतं, अजून वाव आहे.

सगळ्यात आधी स्पटरिंगच्या वेळी सोडलेला नायट्रोजन वायू बघा. करंट स्थिर ठेवून नायट्रोजन थोडा थोडा वाढवत न्या आणि टार्गेटचं (ज्यातून अणू उडतात त्या नायोबियमच्या तुकड्याचं) व्होल्टेज लिहीत जा. एका टप्प्यावर ते झपकन बदलतं, कारण टार्गेटच्या पृष्ठभागावरच नायट्राइड चढतं. चांगली फिल्म बहुधा याच टप्प्याच्या आसपास मिळते. मात्र परत येताना व्होल्टेज त्याच वाटेने येत नाही, म्हणून दर वेळी एकाच बाजूने त्या बिंदूवर या. आमचे कितीतरी नमुने एवढ्याच चुकीने वाया गेले.

दुसरं म्हणजे हवा. बाहेर काढताच वरचा नॅनोमीटरभर थर ऑक्सिडाइझ होतो, आणि ५ पैकी १ गेला तर खूपच गेला. व्हॅक्यूम न तोडता वर सिलिकॉनचा पातळ थर द्या.

सब्सट्रेट (ज्यावर फिल्म बसते तो आधार) सिलिकॉन असेल तर फिल्म चढवताना तो गरम करून पाहा. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सब्सट्रेटवर फिल्मची स्फटिक-जाळी (अणूंची मांडणी) जुळते, तिथे फरक लगेच दिसेल.