नवी मुंबई विमानतळावर चेहरा स्कॅन आणि अंगझडती नाकारता येते का?

पहिली गोष्ट नाकारता येते, दुसरी नाही.

डिजीयात्रा, म्हणजे चेहरा स्कॅन करून आत सोडणारी ॲपवरची सोय, कुठल्याच विमानतळावर सक्तीची नाही, तेव्हा उलव्यातल्या या विमानतळावरही नाही. दारावर कुणी ‘ॲप टाका, लवकर जाल’ म्हणालं तर ‘नको, आधार दाखवतो’ म्हणा. पासपोर्ट, लायसन्स, मतदार ओळखपत्रही चालतं. सीआयएसएफचा जवान तिकिटावरचं नाव ताडून आत सोडतो.

झडती नाकारलीत तर विमान विसरा. ती कशी व्हावी, याबाबत मात्र आग्रह धरता येतो. बायकांची तपासणी बाईच करते, तीही पडद्याआड. समजा, तुम्ही ठाण्याहून आईला घेऊन निघालात आणि त्यांना पेसमेकर आहे. मग डोअर फ्रेमपाशी, म्हणजे धातू शोधणाऱ्या चौकटीपाशी, पोचण्याआधीच सांगा, डॉक्टरांचं कार्ड हातात ठेवा आणि हाताने तपासायला सांगा. घाबरायचं काही कारण नाही, जवानांना हे रोजचंच आहे.

2017 च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि तो प्रमाणात हवा. माझ्या मते बॅगेचा एक्स-रे या कसोटीत सहज बसतो. दोन मिनिटांत संपतो. चेहऱ्याची नोंद तशी नाही, पासवर्डसारखा चेहरा बदलता येत नाही. उड्डाणानंतर 24 तासांत माहिती पुसतो, असं डिजीयात्रा चालवणारी ना-नफा कंपनी सांगते. मी तरी अजून रांगेतूनच जातो. वेळ लागतो, तेव्हा ठाण्याहून जरा लवकर निघा.