आईचं माहेर गिरगाव, मुलांना खायला कुठे न्यावं?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा की बंगलोरहून तीन दिवस येताय, सोबत सत्तरीची आई, मुलं ८ आणि १२ वर्षांची, आईची चाळ पाडून टॉवर झालाय म्हणून निदान तिथलं खाणं तरी मुलांना दाखवायचंय, आणि पोटांची धाकधूक आहे.

आधी तुम्ही केलेली ती १७ ठिकाणांची यादी बाजूला ठेवा हो! मी ही चूक केलीय. नागपूरची बहीण मुलांना घेऊन आली होती तेव्हा एका दिवसात सात ठिकाणं केली, संध्याकाळपर्यंत एक भाचा आडवा आणि दुसरा नुसता चिडचिडा. वर आमची आई म्हणते, अरे आम्ही चाळीत होतो तेव्हा बाहेरचं खाणं म्हणजे महिन्यातून एखादी भेळ, तीसुद्धा चौघांत एक. तेव्हापासून मी पाहुण्यांना तसंच खायला लावतो, म्हणजे एक प्लेट चौघांत, मग चालायचं, मग पुढची.

एक दिवस पूर्ण गिरगाव, आणि तोही सकाळी लवकर. विनय हेल्थ होमची मिसळ घ्या, मुलांसाठी तर्री बाजूला मागा नाहीतर रडारड. मग खोताची वाडी चालत बघा, जुनी लाकडी घरं अजून आहेत काही, आई तिथे बोलायला लागली की घाई करू नका, खाणं कुठे पळत नाही. नंतर प्रकाशकडे साबुदाणा वडा आणि पियुष. पियुष म्हणजे श्रीखंड पातळ केल्यासारखं, जायफळ-वेलचीच्या वासाचं, मुलं ते नक्की पितात. पणशीकरांकडेही मिळतं, त्यात कोणाचं भारी यावर आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत, मी बोलणार नाही. दुपारी झोप काढा. संध्याकाळी चौपाटी, भेळ.

पोटाचं म्हणाल तर लोक उगाच वड्याला घाबरतात. कढईतून समोर काढलेला वडा हा सगळ्यात बिनधोक, गडबड करतं ते पाणी. म्हणजे पाणीपुरी, गोळ्याचा बर्फ, सकाळपासून उघडी असलेली हिरवी चटणी. म्हणून मुलांना सुकी भेळ द्या, गोळा कितीही हट्ट केला तरी नको, त्याऐवजी मलई कुल्फी. आणि वडापाव घेताना परातीत रचलेले वडे दिसले तर दोन मिनिटं थांबून पुढच्या घाण्याचे मागा, कोणी काही म्हणत नाही, उलट नेहमीचं गिऱ्हाईक समजतात.

दुसरा दिवस दादर. वडापावची गाडी १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केली असं सांगतात, मुलांना तेवढी गोष्ट पुरते. स्टेशनजवळ छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्णचा बटाटावडा आहे, तो मोठा असतो, दोघांत एक घ्या. कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव वेगळा, त्यात कुरकुरीत चुरा घालतात, आमची मुलं चुऱ्यासाठीच जातात. (चीज वडापाव, शेजवान वडापाव वगैरे मागू नका प्लीज, त्यासाठी बंगलोरहून यायची गरज नाही.) आईंना बसून खायचं असेल तर मामा काणे, १९१० पासूनचं, आणि नावातच 'स्वच्छ उपाहारगृह' आहे, म्हणजे तुमची धाकधूकही मिटेल.

जायला यायला टॅक्सीत अडकू नका, मेट्रो ३ आता दादरहून थेट गिरगावला जाते, एसी आहे आणि लोकलपेक्षा आईंच्या गुडघ्यांना सोपं पडेल.

तिसरा दिवस मी मुद्दाम सांगत नाहीये, तो आईंना ठरवू दे. आमच्या आईला विचारलं तर ती ठाकूरद्वारला एका दारापाशी गेली, तिथे पूर्वी एक बाई चकल्या विकायच्या, आता मोबाइलचं दुकान आहे. पाच मिनिटं उभी राहिली आणि मग म्हणाली चल, भूक लागली.