भूल दिल्यावर माणूस कुठे जातो? चेतना मेंदूतच तयार होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "अजून मला आत नेलं नाही का?" मधले दोन तास तिच्या लेखी झालेच नाहीत. मग त्या दोन तासांत आई होती कुठे? मेंदू चेतना निर्माण करतो, की रेडिओ लहरी पकडतो तशी तो ती फक्त पकडतो? आणि वडिलांचंही ऑपरेशन ठरलंय, त्यांना मध्येच जाग आली तर?

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाची शुद्ध घालवणं आणि ती सुखरूप परत आणणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे या प्रश्नाने मला शिकत असल्यापासून धरून ठेवलंय. माझं मत आधीच सांगते. चेतना मेंदूच्या कामातूनच उभी राहते. ती मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात बसलेली नाही. मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी सतत बोलत असतात, त्या बोलण्यावर ती टिकून असते. तुमच्या आई कुठेही गेल्या नव्हत्या. ते बोलणं आम्ही औषधाने तोडलं होतं.

टेबलावर घेतल्यावर मी पेशंटशी गप्पा मारते. गाव कुठलं, यंदा ऊस कुठल्या कारखान्याला घातला, नातवंडं किती. बोलता बोलता शिरेतून प्रोपोफॉल सोडते. हे दुधासारखं पांढरं औषध, आत जाताना हाताला जरा चुरचुरतं. साधारण अर्ध्या मिनिटात शब्दांमधलं अंतर वाढायला लागतं. एखादी जांभई येते. नजर एका जागी थिजते आणि वाक्य अर्ध्यावर थांबतं. हाक मारली तर उत्तर नाही. पापणीच्या केसांना हलकेच बोट लावलं तरी पापणी मिटत नाही. मग श्वासही मंदावतो, थांबतो, आणि तिथून पुढे श्वास देण्याची जबाबदारी माझी.

परत येताना आधी स्वतःचा श्वास येतो, मग गिळणं, खोकला, नळी टोचते म्हणून हात तोंडाकडे जाणं. "काका, डोळे उघडा" म्हटलं की डोळे उघडतात. नाव सांगतात, माझा हात दाबून दाखवतात. वॉर्डात गेल्यावर मात्र यातलं त्यांना काहीच आठवत नाही. सांगितलेलं कळणं आणि ते नंतर आठवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी पुस्तकापेक्षा तिथे उभं राहून शिकले. आईंना "मधलं काही आठवत नाही" एवढंच आपल्याला खात्रीने म्हणता येतं; मधे काहीच जाणवलं नाही, हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. मग ते ठरवायचं कसं?

प्रोपोफॉल मेंदूतल्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवतं. गाबाचं काम पेशींना आवरण्याचं. पण सगळा मेंदू गप्प होतो असं नाही. प्रोपोफॉलखाली असलेल्या माणसाच्या कानाशी आवाज केला, तर मेंदूतला आवाज घेणारा पहिला भाग बऱ्यापैकी जागा असतो. पुढच्या भागांपर्यंत ती बातमी पोचत नाही. नाडी, रक्तदाब, शरीराचं तापमान यांचा कारभार कमीजास्त चालूच असतो.

जुलिओ टोनोनी आणि मार्चेल्लो मास्सिमिनी या मेंदूशास्त्रज्ञांनी याचं मोजमाप करायची फार सुंदर युक्ती काढली. डोक्याच्या कवटीबाहेरून चुंबकाचा एक क्षणिक ठोका द्यायचा आणि मेंदूत त्याचे पडसाद किती लांबवर, किती गुंतागुंतीने उमटतात ते विद्युतलहरींवरून पाहायचं. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की जागेपणी हा ठोका एका भागातून दुसऱ्या, तिसऱ्या भागात पसरत जातो, आणि गाढ झोपेत मात्र जिथे दिला तिथेच उमटून विरतो. पेशी त्याच, तारा त्याच, फक्त पलीकडे निरोप जात नाही. पुढे २०१३ मध्ये या पडसादांच्या गुंतागुंतीला एका आकड्यात बसवण्यात आलं.

मला सर्वांत जास्त पटलेला पुरावा यानंतरचा आहे, कारण त्यातली दोन्ही औषधं माझ्या हातातली आहेत. केटामिन आम्ही भाजलेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगला, लहान शस्त्रक्रियांना, जिथे फार यंत्रसामग्री नाही अशा ठिकाणी वर्षानुवर्षं वापरतो. केटामिन दिलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, बुबुळं संथ हलत असतात, श्वास चालू असतो. हाक मारा, चिमटा घ्या, काही नाही. बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रोपोफॉलवाल्याइतकाच 'गेलेला'. पण शुद्धीवर आल्यावर तो सांगतो की मी तरंगत होतो, रंगीत बोगद्यातून जात होतो, माझे हातपाय माझे नव्हते. काहीजण घाबरून रडतात, म्हणून आम्ही सोबत दुसरं औषध देतो. २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना यातलं एकेक औषध देऊन तोच चुंबकाचा ठोका दिला गेला. प्रोपोफॉलमध्ये गुंतागुंत ढासळली आणि उठल्यावर लोकांनी सांगितलं, काहीच नव्हतं. केटामिनमध्ये ती जागेपणाइतकीच राहिली आणि उठल्यावर त्यांनी लांबलचक स्वप्नं सांगितली. बाहेरून दोघेही निपचित. आतली जाणीव मात्र मेंदूतल्या संवादाबरोबर राहिली किंवा गेली. म्हणून तुमच्या आईंना जर प्रोपोफॉल किंवा गॅसची पुरेशी भूल दिली असेल, तर त्या दोन तासांत बहुधा खरोखरच काही नव्हतं, नुसता विसर पडला असं नव्हे.

पेशींच्या संख्येने चेतना ठरत असती तर लहान मेंदू तिचं घर असता. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या सुमारे ६९ अब्ज मागच्या बाजूच्या लहान मेंदूत. तो बिघडला तर चाल डगमगते, बोलणं अडखळतं, पण माणूस पूर्ण शुद्धीत असतो. उलट मेंदूच्या देठात अगदी थोड्या जागेत रक्तस्राव झाला तरी माणूस कोमात जातो, कारण सगळ्या मेंदूला जागं ठेवणारी यंत्रणा तिथून वर जाते. मोरुझी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत ती दाखवून दिली.

आता तुमचा रेडिओ. हा युक्तिवाद मला खूपजण करतात आणि मी तो हलक्यात घेत नाही. रेडिओ बिघडला की आवाज खरखरतो, पण स्टेशनवर बोलणाऱ्याचं म्हणणं बदलत नाही. मेंदू बिघडला की मात्र म्हणणाराच बदलतो. एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात, जिथे मेंदूचा पुढचा भाग झिजतो, जन्मभर मायाळू असलेला माणूस कोरडा आणि उद्धट होतो, आणि त्याला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नाही. याहून ठळक उदाहरण दुभंगलेल्या मेंदूचं. तीव्र फिट्स थांबवण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा शस्त्रक्रियेने कापला जायचा. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी त्यांचा अभ्यास केला. स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. अशा माणसाच्या नजरेच्या डाव्या बाजूला एखाद्या वस्तूचं चित्र क्षणभर दाखवलं, तर ते फक्त उजव्या अर्ध्या मेंदूत पोचतं. "काय दिसलं?" विचारल्यावर तोंडाने उत्तर येतं, काही दिसलं नाही. त्याच वेळी त्याचा डावा हात पडद्यामागे चाचपून नेमकी तीच वस्तू उचलतो. प्रक्षेपण बाहेरून एकच येत असेल, तर रेडिओ मधोमध कापल्यावर एका अर्ध्याला माहीत असलेलं दुसऱ्याला का माहीत नाही?

शरीराबाहेर पडून स्वतःला पाहिल्याचे अनुभवही लोक सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. २००२ मध्ये ओलाफ ब्लांक यांच्या गटाने एका फिट्सच्या रुग्णेच्या उजव्या मेंदूत, कानाच्या वरच्या-मागच्या भागात सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःला खाटेवर पडलेलं पाहतोय असं वाटलं. शरीर कुठे आहे याचा हिशोब मेंदू सतत मांडत असतो आणि तो हिशोब चुकू शकतो.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण नातेवाईकांच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. प्रतिसाद नाही म्हणजे जाणीव नाही, असं मुळीच समजू नये. भुलीच्या शास्त्रात एक जुनी तपासणी आहे: स्नायू ढिले करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे तेवढा हात मोकळा राहतो, आणि मग भुलेखाली "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा" म्हणायचं. २०१७ च्या एका बहुदेशीय अभ्यासात २६० रुग्णांपैकी १२ जणांनी, म्हणजे शेकडा सुमारे पाच जणांनी, हात दाबला. अशा बहुतेकांना नंतर काही आठवत नाही.

अतिदक्षता विभागातली गोष्ट याहून गंभीर आहे. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने निश्चेष्ट असलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर; मग, आपल्या घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कल्पना कर. दोन्ही वेळी तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले जे निरोगी माणसाचे उजळतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सूचनांना काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांनी मेंदूतून मात्र सूचना पाळल्या. म्हणजे चारात एक.

हे वाचलं की मला केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात. १९७३ च्या हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाबाबतच्या २०११ च्या निकालाआधी नेमलेल्या डॉक्टरांच्या अहवालात नोंद आहे की आवडीचं खाणं भरवलं की त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसे आणि खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत. त्या नोंदींमागे किती जाणीव होती हे आज कुणीच ठरवू शकत नाही. पण चार दशकं त्यांच्याशी माणसासारखं वागणाऱ्या तिथल्या परिचारिका शास्त्राच्या पुढे होत्या, असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः ओटीत पूर्ण भुलेखालच्या पेशंटबद्दल वेडंवाकडं बोलू देत नाही.

चेतना मेंदूतून येते हे मान्य केलं तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो मी झाकणार नाही. या पेशींच्या संवादाला आतून काहीतरी 'वाटतं' ते का? सुईची चुरचुर नुसता विद्युतसंदेश न राहता का दुखते? तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची स्पष्ट खूणही मेंदूत सापडणार नाही. २०२३ मध्ये कॉख यांनी जाहीरपणे हार मान्य करून वाइन दिली. आपल्याकडेही हा वाद जुना आहे. चार्वाक म्हणत, चेतना महाभूतांच्या मिश्रणातून उपजते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, आत्मा मानत, पण गाढ झोपेत त्याला ज्ञान नसतं असंही म्हणत. वेदान्त्यांना हे बिलकूल मंजूर नव्हतं, त्यांच्या मते गाढ झोपेतही नुसता पाहणारा 'साक्षी' उरतोच. आत्म्यावर श्रद्धा असलेल्यांशी माझं भांडण नाही. पण अमुक मिलिग्रॅम औषधाने जाणीव जाते, औषध उतरलं की येते आणि मध्ये ती कुठे नेऊन ठेवली होती याचा मागमूस नसतो, हे रोज पाहिल्यावर मला मेंदूपलीकडची दुसरी जागा मानावीशी वाटत नाही.

वडिलांच्या काळजीबद्दल. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत, पूर्ण भुलेखाली जाग आल्याची तक्रार सुमारे १९,००० त एकाने केली होती. पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये ते प्रमाण ६७० त एक इतकं जास्त होतं. खोदून विचारणाऱ्या अभ्यासांत एकूण प्रमाण हजारी एक-दोन निघतं. धोका वाढतो तो तातडीच्या शस्त्रक्रियेत, फार रक्तस्राव होत असताना आणि स्नायू ढिले करणारं औषध दिलेलं असताना, कारण तेव्हा पेशंटला हलून सांगता येत नाही. कपाळाला पट्टी लावून ० ते १०० आकडा दाखवणारं यंत्र असतं, त्यावर आम्ही ४० ते ६० राखतो. पण केटामिन दिलं की तो आकडा उलट वाढू शकतो, म्हणून एकट्या यंत्रावर कुणी विसंबत नाही. श्वासातल्या गॅसचं प्रमाण, नाडी, घाम, सगळं पाहावं लागतं.

वडील रोज दारू घेत असतील, झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या चालू असतील, किंवा आधीच्या एखाद्या ऑपरेशनमध्ये काही ऐकू आल्याचं त्यांना आठवत असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच्या तपासणीत संकोच न करता सांगा. डोस त्यावरून ठरतो. आणि शुद्धीवर आल्यावर ते "मला मधलं काहीतरी ऐकू आलं" म्हणाले, तर स्वप्न पडलं असेल म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी भूलतज्ज्ञांना बोलवा, काय ऐकलं ते जसंच्या तसं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. पुढच्या वेळी त्यांना भूल देणाऱ्याला त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.