जर्मनीतला पहिला नाताळ: २४ तारखेला दुपारी दोनच्या आत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात शिकायला जर्मनीत आलात, सुट्टीत घरी जायचं तिकीट परवडत नाही, वसतिगृह रिकामं होणार आहे आणि एका वर्गमैत्रिणीने २४ डिसेंबरला तिच्या आईवडिलांकडे बोलावलंय. संकोच वाटतोय, जावं का? आणि एकूण तयारी काय करावी?

जा. संकोच गुंडाळून ठेवा आणि जा. का ते सांगतो.

मी पहिल्या वर्षी असं धरून चाललो होतो की नाताळ म्हणजे २५ तारीख, म्हणजे २४च्या संध्याकाळी गावात दिवाळीच्या आदल्या दिवशीसारखी झुंबड असणार. पाच वाजता रिकामी पिशवी घेऊन निघालो. काळोख तर चारलाच पडला होता. नाताळ बाजाराच्या टपऱ्यांच्या फळ्या लावलेल्या, सुपरमार्केट बंद, ट्राममध्ये मी आणि ड्रायव्हर. प्रत्येक खिडकीत मात्र उजेड. इथला खरा सण हाच, २४ची संध्याकाळ, हायलिगआबेंड. भेटवस्तू त्याच रात्री उघडतात आणि तो कार्यक्रम पूर्णपणे घरातला, दार लावून. परत आलो तर कपाटात अर्धं पाकीट पास्ता. घर खायला उठतं म्हणतात ते त्या रात्री कळलं, आणि घरात खायला काहीच नव्हतं.

म्हणून आधी पोटाचं बघा. २४ तारखेला दुकानं जास्तीत जास्त दुपारी दोनपर्यंत उघडी असतात, तो नियमच आहे. बरीचशी त्याआधीच आवरतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस देशभर सार्वजनिक सुट्टी. त्यात रविवार जोडून आला की संपलंच: २०२६ मध्ये २५ तारीख शुक्रवारी आहे, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस टाळं. मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे सापडतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. किराणा २२ तारखेपर्यंत भरा. २३ला रांगा बघून रडू येतं.

औषधांचंही तसंच. डॉक्टरांचे बरेच दवाखाने थेट नव्या वर्षात उघडतात, त्यामुळे नेहमीची गोळी असेल तर चिठ्ठी डिसेंबरच्या मध्यालाच घ्या. सुट्टीत पाळीपाळीने एखादं औषधाचं दुकान उघडं असतं, ते कुठलं याचा कागद कुठल्याही बंद औषधाच्या दुकानाच्या दारावर लावलेला असतो. जिवावरचं नसेल, पण डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. वसतिगृहाच्या केअरटेकरचा सुट्टीतला नंबर आत्ताच घेऊन ठेवा. हीटर बंद पडायला नेमका तोच आठवडा निवडतो.

आता दुसरी गोष्ट, जी मला उशिरा उमगली. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचा नाताळ २४च्या आधीच होऊन जातो. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आड्व्हेंट. प्रत्येक रविवारी फांद्यांच्या हिरव्या चक्रावरची एकेक मेणबत्ती जास्त पेटते. ही पद्धत १८३९ मध्ये हँबर्गला सुरू झाली. विखर्न नावाचे धर्मोपदेशक अनाथ, गरीब मुलांसाठी संस्था चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तेव्हा त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रोजची एक छोटी आणि रविवारची मोठी अशा मेणबत्त्या लावल्या. घरोघरी त्यातल्या चार मोठ्याच उरल्या. तर या चार आठवड्यांत कुणी काहीही म्हटलं तरी हो म्हणा: बिस्किटं भाजायला, बाजारात ग्ल्यूवाइन म्हणजे गरम मसालेदार वाइन प्यायला (दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा, कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत केला की पैसे परत), वर्गातल्या विख्टेल्नला. विख्टेल्न म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप छोटी भेट. ठरलेल्या रकमेच्या वर एक युरोही जाऊ नका, समोरचा अवघडतो. बाजार शनिवारी टाळा, मंगळवारी जा. ड्रेस्डेन जवळ असेल तर तिथला चुकवू नका, १४३४ पासून भरतोय.

आमंत्रणाबद्दल. हायलिगआबेंडला घरी बोलावणं ही इथे साधी गोष्ट नाही, तोंडदेखलं कुणी बोलवत नाही. काय आणू, किती वाजता येऊ, हे सरळ विचारा आणि जे सांगतील तेच खरं माना. चार म्हणजे चारच. शाकाहारी असाल तर आत्ताच सांगा. पुष्कळ घरी त्या रात्री बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज इतकंच साधं जेवण असतं, बदक-हंस दुसऱ्या दिवशी. त्यामुळे तुमच्यासाठी वेगळं काही करणं त्यांना जड जात नाही, पण ऐनवेळी कळलं तर दुकान बंद असतं. यजमानांना चॉकलेट किंवा फुलं पुरेत, लहान मुलं असतील तर त्यांना काहीतरी नक्की. भेट तिथेच उघडायची, बाजूला ठेवायची नाही. बूट दारात काढावे लागतील, तेव्हा मोजे फाटके नकोत (अनुभव आहे). आणि परतीची गाडी आधी बघून ठेवा, त्या रात्री बस-ट्राम फार कमी असतात. राहा म्हणाले तर राहा.

यंदा आमंत्रण रद्द झालंच, तर दुपारी जवळच्या चर्चमध्ये मुलांचं गव्हाणीचं, म्हणजे येशूच्या जन्माचं नाटक असतं, तिथे जा. धर्म कुणी विचारत नाही. अर्धा तास आधी पोचा, त्या दिवशी जागा मिळत नाही.

घरच्यांशी बोलायची वेळही ठरवून ठेवा. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे आहे. इथे रात्रीचे आठ, म्हणजे तिथे साडेबारा, आणि सगळ्यांत जड जातात ते आठनंतरचे तास. तेव्हा घरी सगळे झोपलेले असतात. फोन दुपारीच करा, उशिरात उशिरा पाचला.

होकार मात्र आजच कळवा. तिची आई कोण कुठे बसणार याची यादी नोव्हेंबरातच करत असणार.